रंग देऊनही गंज पुन्हा त्याच जागी: उघड्यावरच्या जुन्या तेलयंत्रांचं दुखणं

लक्षण ओळखीचं असेल. पंपजॅक, म्हणजे विहिरीतून तेल उपसणारं डोलणारं यंत्र, घासून काढला, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात दिले. फोटोत यंत्र झकास दिसलं. पहिला पावसाळा सरतो न सरतो तोच रंगाला फोड आले. नखाने टोचलं तर आतून तपकिरी पाणी. पुढच्या वर्षी पुन्हा घासकाम, पुन्हा रंग, पुन्हा फोड. आणि जागा त्याच.

आमच्या संग्रहालयात एका पंपजॅकवर हा खेळ चार वर्षांत तीनदा झाला. पहिल्यांदा रंगाऱ्याला बोल लावला, दुसऱ्यांदा रंगाला. तिसऱ्यांदा महागातला इपॉक्सी जाड थरात मारून घेतला, तर तो फोड न येता हातभर पापुद्र्यांनी सुटला. मागे काळा, ओलसर गंज. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गंज दरवेळी त्याच तीन जागी येत असेल, तर दोष रंगात शोधण्यात अर्थ नाही, त्या जागांमध्येच शोधायला हवा. तिथे एक तर पाणी साचतंय, नाही तर लोखंडात मीठ मुरलंय. बहुतेकदा दोन्ही.

हे यंत्र मुळात उघड्यावर राहण्यासाठीच बनलंय, मग संग्रहालयातच त्याला काय होतं, असं लोक विचारतात. आज आपण पाहतो तसा डोलणारा पंपजॅक १९२५ च्या सुमारास टेक्सासमधल्या लफकिन इथे वॉल्टर ट्राउट यांनी घडवला, आणि तेव्हापासून तो उन्हापावसातच उभा आहे. पण विहिरीवर असताना त्याच्याकडे रोज कुणीतरी ग्रीसगन घेऊन यायचं. गळणारं कच्चं तेल सगळ्या अंगावर उडायचं. तो चिकट, काळा, ओंगळ थर म्हणजे त्याचं चिलखत होतं. आपण यंत्र आणलं, डिग्रीझरने लख्ख धुतलं, हलणारे भाग थांबवले आणि त्या चिलखताच्या जागी रंगाचा पातळसा थर दिला. कॅनडात ऑन्टारियोमधल्या ऑइल स्प्रिंग्जला १८६० च्या दशकातली जर्कर लाइनची पद्धत आजही विहिरी उपसते आहे. एकाच इंजिनाने लाकडी-लोखंडी दांड्यांच्या रांगेतून अनेक पंप ओढायचे, अशी ती पद्धत. चालतं यंत्र टिकतं यात नवल नाही, रोज त्यावर कुणाचा तरी हात फिरतो.

छत्री घेऊन पावसात उभे राहा

निदानाचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे छत्री. जोराचा पाऊस सुरू असताना यंत्राभोवती अर्धा तास फिरा, पाणी कुठून येतं, कुठे अडतं ते खडूने नाही तर फोटोत टिपा. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी परत जा. जिथे अजून ओल आहे, ती तुमची दुखरी जागा. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथे बोट ओलं होत असेल, तर त्या जागी कोणताही रंग टिकणार नाही हे आताच मान्य करा.

आमच्या पंपजॅकची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण हीच चूक बहुतेक ठिकाणी दिसते. सकर रॉडचं, म्हणजे विहिरीत उतरलेल्या पंपाच्या लांब दांड्यांचं, वजन नसलं की क्रँकवरची (फिरणाऱ्या भुजेवरची) वजनं आपोआप खाली लोंबतात. वजनं खाली म्हणजे वरच्या डोलणाऱ्या तुळईची शेपटी खाली आणि हॉर्सहेड, म्हणजे विहिरीकडचं घोड्याच्या डोक्यासारखं टोक, वर. म्हणजे संग्रहालयातला प्रत्येक मोकळा सोडलेला पंपजॅक शेपटीकडे कललेला असतो. तुळई आय-आकाराची. तिच्या खालच्या पट्टीवर, मधल्या उभ्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब पन्हळी तयार होतात. पावसाचं पाणी त्या पन्हळींतून शेपटीकडे धावतं आणि वाटेत तुळईला मजबुती देणाऱ्या आडव्या पट्ट्या जिथे जोडल्यात, तिथे बांध घातल्यासारखं अडतं. पट्टीच्या वरच्या अंगाला छोटंसं तळं. त्यात वाळकी पानं, धूळ, पक्ष्यांची विष्ठा. ही ओली माती आठवडाभर वाळत नाही. आमच्या तीन फोडांपैकी दोन नेमके या तळ्यांत होते, आणि आम्ही चार वर्षं खालून वर बघत उभे होतो. शिडी लावून वरून कुणी पाहिलंच नव्हतं.

उपाय दोन. एक म्हणजे पट्टीलगत १२ मिलिमीटरचं भोक पाडून पाणी खाली सोडायचं. भोक याहून लहान नको, महिन्याभरात मातीने बुजतं. दुसरा म्हणजे भोक न पाडता त्या कोपऱ्यात उतार भरून द्यायचा, म्हणजे पाणी अडण्याऐवजी कडेवरून खाली सांडेल. वेल्डिंगवाला पहिला उपाय सांगतो, कारण तो पाच मिनिटांचा आहे. पण ही वस्तू संग्रहातली आहे. औद्योगिक वारशाबद्दलची २००३ ची निझनी तागिल सनद म्हणते की हस्तक्षेप परत फिरवता येण्याजोगा आणि कमीत कमी असावा, आणि जो टाळता येत नाही त्याची नोंद व्हावी. पाडलेलं भोक परत बुजत नाही. म्हणून आम्ही आधी तो कोपरा नीट साफ करून रंगवला, वाळू दिला, आणि मग वर पॉलिसल्फाइड सिलंटचा (फट भरायच्या रबरासारख्या लुकणाचा) उतार दिला. उद्या कुणाला तो नको वाटला तर सुरीने निघतो, खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं.

सिलंटचा विषय निघालाच आहे, तर एक सवय मोडा. फट दिसली की चारी बाजूंनी सिलिकॉन भरायचं, ही ती सवय. दोन पत्र्यांमधली फट चहूबाजूंनी बंद केली तर आत आधीच असलेलं पाणी कोंडलं जातं, आणि सिलिकॉन एखाद्या जागी सुटलं की नवीन पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. वरची आणि बाजूंची कड बंद करा, खालची उघडी ठेवा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते. म्हणून कोंडलेल्या फटीतला गंज रिव्हेटच्या दोन पत्र्यांना अक्षरशः फाकवतो. जुन्या रिव्हेटच्या टाक्यांची कड लाटेसारखी वरखाली झालेली दिसते ती यामुळेच.

खरवडण्याआधी थांबा

वायर ब्रश हातात घेण्याआधी तीन-चार गोष्टी तपासल्याच पाहिजेत. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

विहिरीतून वर आलेल्या नळ्या, व्हॉल्व्ह, तेल, वायू आणि पाणी वेगळं करणारे सेपरेटर, खाऱ्या पाण्याच्या टाक्या यांच्या आतल्या भिंतीवर दगडासारखा कडक थर असतो. तो बहुधा बेरियम सल्फेटचा. जमिनीखालच्या पाण्यातलं रेडियम याच थरात अडकून बसतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. म्हणजे नळी ऐंशी वर्षं पडून असली तरी तिचा किरणोत्सर्ग काढली त्या दिवसाइतकाच समजा. बाहेरून हात लावण्यात सहसा धोका नसतो. धोका आहे तो ग्राइंडर लावून त्या थराची धूळ उडवण्यात आणि ती श्वासात ओढण्यात. मापकयंत्र असलेल्या जाणकाराकडून आधी तपासून घ्या. वाचन जास्त आलं तर त्या भागाची तोंडं बंद करून किरणोत्सर्गाचं नियमन करणाऱ्या यंत्रणेला कळवा. तुमचं काम तिथे थांबतं.

दुसरं, शिसं. जुन्या रंगाखाली केशरी-लाल थर दिसला तर तो शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड असण्याची दाट शक्यता आहे. गंजरोधक म्हणून तो उत्तम होता, म्हणूनच सर्रास वापरला गेला. तो कोरडा घासू नका आणि ब्लो टॉर्चने जाळू तर अजिबात नका. ओलं घासकाम, योग्य मास्क, खाली प्लास्टिक, आणि निघालेला गाळ वेगळ्या डब्यात. तिसरं, ॲस्बेस्टॉस. ड्रॉवर्क्सच्या, म्हणजे ड्रिलिंगचे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, ब्रेकच्या पट्ट्या, बॉयलरवरचं आवरण आणि जुने गॅस्केट इथे तो हमखास भेटतो. चौथं, बंद टाक्या. रिकामी टाकीही तेलाची वाफ धरून असते. शिवाय गंधकयुक्त तेलाच्या टाकीत लोह सल्फाइडची काळी भुकटी असू शकते, आणि ती हवेत कोरडी पडली की आपोआप तापून पेट घेते. आत उतरणं, बाहेरून वेल्डिंग करणं किंवा कटर चालवणं, यातलं काहीही हवा तपासल्याशिवाय नको.

आणि सगळा रंग उडवण्याआधी एक तळहाताएवढी जागा राखून ठेवा. आमच्या यंत्रावर अशा एका तुकड्यात सहा थर निघाले, तळाशी करडा आणि त्यावर एक गडद हिरवा. आम्ही चार वर्षं ज्या पिवळ्या रंगाने ते रंगवत होतो, तो त्या सहांमध्ये कुठेच नव्हता. बिडाच्या ओतीव भागांवरचे साच्याचे आकडे आणि निर्मात्याची पाटी यांवर तर ब्रशही फिरवू नका. ओला कपडा पुरतो.

मीठ: खरा गुन्हेगार

तिसरी जागा वेगळी निघाली. ती होती पूर्वी विहिरीच्या तोंडाजवळ असलेल्या बाजूला, चौकटीच्या सपाट पत्र्यावर. तिथे पाणी साचत नव्हतं, तरी रंग फुगायचा. घासून चकचकीत केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं, तर सकाळी सगळीकडे हलका भुरा रंग आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढे गडद ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर नारिंगी पाण्याचा इवलासा थेंब. हवा दमट आणि लोखंडाच्या खड्ड्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, असलं की असंच होतं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. काही तेलक्षेत्रांतल्या विहिरींबरोबर वर येणाऱ्या पाण्यात ते २०० ग्रॅमच्याही वर जातात. विहिरीच्या तोंडाशी हे पाणी वर्षानुवर्षं गळत राहिलं. ते गंजाच्या खड्ड्यांत मुरलं आणि तिथेच राहिलं. वर रंग दिला की रंगाच्या पापुद्र्यातून हवेतली ओल हळूहळू आत शिरते, मीठ तिला ओढून घेतं, आत दाब वाढतो आणि फोड येतो. रंग जितका चांगला, तितका फोड उशिरा. बस, एवढाच फरक.

मीठ ब्रशने निघत नाही. नुसत्या सँडब्लास्टिंगनेही (दाबाने वाळू मारूनही) खड्ड्याच्या तळातलं पूर्ण निघत नाही, उलट कधीकधी दाबलं जातं. ते निघतं पाण्याने. आमची पद्धत अशी झाली. सैल गंज काढायचा, साध्या स्वच्छ पाण्याने दाबाने धुवायचं, लगेच वाळवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी गडद ठिपके कुठे उगवले ते बघायचं आणि तेवढ्या जागा पुन्हा धुवायच्या. म्हणजे गंजच आपल्याला मीठ दाखवून देतो. आम्हाला पाच फेऱ्या लागल्या. शेवटच्या फेरीला डिस्टिल्ड वॉटर वापरलं. मोजायचं असेल तर भिजवलेला कापसाचा बोळा त्या जागी ठरावीक वेळ टेकवायचा, तो ठरावीक डिस्टिल्ड पाण्यात पिळायचा आणि पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या खिशातल्या कंडक्टिव्हिटी मीटरने वाचन घ्यायचं. यंत्राच्या स्वच्छ भागावरही असंच करून दोन आकडे शेजारी ठेवा. दोन्ही जवळ आले की धुणं थांबवा. काटेकोर मोजणीसाठी पृष्ठभागाला चिकटवायचे पॅच आणि आयएसओ ८५०२ ही मानकांची मालिका आहे, पण सुरुवातीला बोळाही खूप काही सांगतो.

गंजाचं रूपांतर करणारी द्रव्यं बाजारात मिळतात. टॅनिक आम्लाची असली तर गंज निळसर काळा होतो. ती वाईट नाहीत, पण पातळ, घट्ट आणि मीठ नसलेल्या गंजावरच. खपल्यांवर ओतली तर वरचा थर काळा होतो, आत सगळं जिवंत राहतं, आणि मन मात्र निर्धास्त होतं. म्हणून मी ती शेवटी वापरतो, सुरुवातीला कधीच नाही.

बिडाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. खाऱ्या पाण्यात किंवा ओल्या मातीत राहिलेल्या बिडातलं लोह विरून जातं आणि आकार तसाच ठेवून ग्राफाइट उरतं. बघायला भाग अखंड दिसतो, चाकूचं टोक मात्र पेन्सिलीच्या शिशात रुतावं तसं रुततं. अशा भागावर ब्लास्टिंग केलं तर कडा, अक्षरं, सगळं उडून जातं. आधी टोचून बघा.

लोखंडाला घाम येतो

सगळं धुऊन-वाळवून झालं आणि सकाळी नऊला ब्रश हातात घेतला, तरी घात होऊ शकतो. हवा २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान, २४ अंशांच्या थोडा वर असतो. क्रँकवरची बिडाची वजनं रात्रभर थंड झालेली असतात, इतक्या जाड धातूला तापायला दुपार उजाडते. त्यांचं तापमान २४ असेल तर त्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर आहे, आणि आपण रंग त्या पाण्यावर मारतोय. नियम असा की लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवं, आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. हवेचं नाही, लोखंडाचं तापमान मोजा. चुंबकाचा थर्मामीटर फार महाग नसतो. आम्ही पातळ पत्रे सकाळी उशिरा आणि जाड बीड दुपारी रंगवतो, आणि ऊन उतरायला लागलं की ब्रश ठेवतो.

कोणता रंग, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, म्हणून मी तो शेवटी ठेवलाय. झिंकयुक्त प्रायमर ब्लास्टिंग करून उजळलेल्या लोखंडावर उत्तम, हाताने घासलेल्यावर वाया. हाताने साफ केलेल्या जागेसाठी पृष्ठभागाचे दोष चालवून घेणारा इपॉक्सी बरा. इपॉक्सी उन्हात पांढरट भुकटी धरतो, म्हणून वर पॉलियुरेथेन हवा. यंत्र मूळ अवस्थेत दाखवायचं असेल तर जुन्या पद्धतीचा अल्किड रंग दिसायला खरा वाटतो, दुरुस्तीला सोपा असतो, फक्त लवकर द्यावा लागतो. धारदार कडा, वेल्डच्या रेघा आणि बोल्टच्या डोक्यांना आधी ब्रशने एक जादा हात द्या. रंग कडेवरून मागे ओढला जातो, गंज तिथूनच सुरू होतो.

काही जागा रंगवूच नयेत. पॉलिश्ड रॉड (विहिरीच्या तोंडातून वर-खाली होणारी गुळगुळीत दांडी), इंजिनचे मशीनवर घडवलेले भाग, फ्लायव्हीलची घासलेली कड इथे मायक्रोक्रिस्टलाइन मेण चांगलं, वर्षातून दोनदा. वायर रोपला बाहेरून ग्रीस फासून उपयोग नाही, त्याच्या मधला तागाचा गाभा पाणी धरून असतो. आधी वाळवा, मग आत झिरपणारं पातळ वंगण. गिअरबॉक्स बंद असला तरी दिवसा तापून श्वास सोडतो आणि रात्री थंड होऊन दमट हवा आत ओढतो. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं की समजा. तळाचा प्लग काढून पाणी आणि तेल सोडा, वाफेतून गंज रोखणारं तेल घाला आणि श्वासनळीला ओलावा शोषणारी पुडी लावा. लाकडी डेरिक (विहिरीवरचा मनोरा) असेल तर पायांची खालची टोकं टोचून बघा. तिथलं लाकूड उभ्या नळ्यांच्या जुडीसारखं पाणी वर ओढतं.

ताडपत्रीबद्दल विचारणं होतंच. नको. ताडपत्रीखाली यंत्राला घाम येतो आणि तो वाळत नाही. त्यापेक्षा भिंती नसलेलं उंच छप्पर द्या. माझ्या मते कोणत्याही रंगापेक्षा त्याने जास्त वर्षं मिळतात.

आमच्या पंपजॅकच्या तुळईवरच्या दोन्ही जागा आता दोन पावसाळे कोरड्या आहेत. मीठ असलेल्या पत्र्यावर एकच लहान फोड आला, तो उघडून धुऊन बुजवला. पायाची चौकट उचलून ती आणि चौथरा यांच्यामध्ये ५० मिलिमीटरचे प्लास्टिकचे ठोकळे सरकवले, वारा खालून खेळतो. पण एका कोपऱ्याचा अँकर बोल्ट काँक्रीटमधल्या नळीत उभा आहे आणि ती नळी प्रत्येक पावसात गळ्यापर्यंत भरते. नळीला खालून वाट नाही. सध्या आम्ही पाऊस थांबला की सिरिंजने पाणी ओढून आत मेण ओततो, आणि पुढच्या कोरड्या दिवसांत तो बोल्ट काढून बघणार आहोत.